भुयारी मेट्रोत पहिल्यांदा उतरताना: 'ऑक्टो एक्स्पान्शन' नवख्यांसाठी

'स्प्लॅटून २' हा शाई मारून खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आणि 'ऑक्टो एक्स्पान्शन' हा त्याचा विस्तार. त्यात परीक्षेला उतरणाऱ्या पात्राच्या पाठीवर शाईनं भरलेलं एक यंत्र बांधलेलं असतं. परीक्षा चुकली की ते फुटतं आणि सगळा खेळ त्या शाईत संपतो. नवखा खेळाडू पहिल्या तासाभरात हा स्फोट आठ-दहा वेळा बघतो आणि कन्ट्रोलर खाली ठेवतो. 'नेमबाजीचे खेळ आपल्याला जमत नाहीत' हे तो तिथेच ठरवून टाकतो.

मला नेमकं उलट वाटतं. ज्यानं आयुष्यात कधी नेमबाजीचा खेळ खेळला नाही, त्यानं सुरुवात करावी ती इथेच. इथे पलीकडे दुसरा माणूस नसतो, तुमच्यामुळे कोणाचा संघ हरत नाही, आणि प्रत्येक लेव्हल एकच गोष्ट शिकवते. इथे एका भुयारी मेट्रोची ८० स्टेशनं आहेत आणि प्रत्येक स्टेशन म्हणजे एक परीक्षा. हाताच्या वेगानं जिंकण्यासारख्या परीक्षा त्यांत थोड्याच आहेत. बाकीच्या सगळ्या प्रश्न नीट वाचून सुटतात. हा लेख लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

खेळ सुरू करण्याआधी

'स्प्लॅटून २' जुलै २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर आला आणि हा विस्तार जून २०१८ मध्ये. तो वेगळा विकत घेता येतो किंवा निन्टेन्डोच्या 'एक्स्पान्शन पॅक' सदस्यत्वातही मिळतो, आणि त्यासाठी मूळ खेळ हवाच. उतरवून घेण्यापुरतं इंटरनेट लागतं. पुढे सगळं एकट्यानं, ऑफलाइन खेळता येतं, त्यामुळे तो विकत घेतला तर ऑनलाइन सदस्यत्वाची गरज नाही. मूळ खेळातली एकट्यानं खेळायची मोहीम आधी संपवलीच पाहिजे असंही नाही. पण बंदूक, रोलर, बादली यांची थोडी तोंडओळख व्हावी म्हणून तिच्या पहिल्या काही लेव्हल खेळून याव्यात असं मी सुचवेन. विस्तार त्या मोहिमेपेक्षा बराच कठीण आहे आणि तो धीमेपणानं हात धरून शिकवत नाही. खेळातल्या मुख्य चौकात, म्हणजे इंकोपोलिस स्क्वेअरमध्ये, भुयारी रेल्वेचा जिना आहे. तिथूनच खाली उतरायचं.

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत असली तर खेळताना जीव जास्त गुंततो. या जगात माणसं केव्हाच संपली आहेत. जमिनीवर इंकलिंग राहतात: निम्मे मूल, निम्मे स्क्विड. त्यांच्याशी झालेल्या जुन्या युद्धात हरलेले ऑक्टेरियन, म्हणजे ऑक्टोपसचे वंशज, जमिनीखाली गेले. आधीच्या दोन्ही खेळांच्या मोहिमांत तुम्ही इंकलिंग असता आणि ऑक्टोलिंग, म्हणजे मुलांसारखे दिसणारे ऑक्टेरियन, तुमचे शत्रू असतात. इथे पहिल्यांदाच तुम्ही स्वतः ऑक्टोलिंग आहात. नाव एजंट ८. आठवणी पुसल्या गेल्या आहेत आणि जाग आली आहे ती जमिनीखालच्या एका अनोळखी मेट्रोत. सोबतीला आहेत कॅप्टन कटलफिश. या म्हाताऱ्यानं सगळी हयात ऑक्टेरियनांशी लढण्यात घालवली आणि आता तो त्यांच्यातल्याच एका मुलाचा हात धरून चालतो आहे. वरून रेडिओवर पर्ल आणि मरीना बोलत असतात. दोघी मिळून 'ऑफ द हुक' हे गाणारं जोडपथक चालवतात. त्यांच्यातली मरीना स्वतः कधीकाळी याच जमिनीखालून वर आलेली ऑक्टोलिंग आहे. त्यांच्या गप्पा ओलांडून पुढे जाऊ नका. ८० स्टेशनांच्या मधला विसावा म्हणजे त्या गप्पाच.

पहिली पायरी: कॅमेरा

पहिल्या परीक्षेआधी पाच मिनिटं सेटिंग्जमध्ये घालवा. या खेळात कन्ट्रोलर हलवून नेम धरता येतो, त्याला जायरो म्हणतात. तो चालू असतो तेव्हा कन्ट्रोलरवरच्या उजव्या काडीनं (स्टिकनं) फक्त डावी-उजवीकडे वळता येतं, वर-खाली बघायला कन्ट्रोलरच कलवावा लागतो. पहिली वीस मिनिटं हे फार विचित्र वाटतं आणि अनेक जण लगेच जायरो बंद करतात. माझी कळकळीची विनंती आहे, दोन बैठकी तरी धीर धरा. काडीनं मोठं वळण घ्यायचं आणि मनगटानं बारीक नेम साधायचा, ही सवय एकदा हातात बसली की उडणारा शत्रू किंवा सरकणारा फुगा टिपणं खूपच सोपं होतं. संवेदनशीलता उणे ५ ते अधिक ५ अशी बदलता येते. शून्यापासून सुरुवात करा आणि नेम थरथरतोय असं वाटलं तर एक-दोन पायऱ्या खाली या.

बटणं थोडीच आहेत. झेडआरनं शाई मारायची, झेडएल दाबून ऑक्टोपस व्हायचं आणि शाईत पोहायचं. आर धरून सोडलं की बाँब, बी नं उडी, उजवी काडी आत दाबली की स्पेशल, म्हणजे थोडा वेळच वापरता येणारं जबर हत्यार. वाय बटण मात्र कोणी सांगत नाही आणि नवख्याला त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. कॅमेरा वेडावाकडा झाला की वाय दाबा, नजर सरळ समोर येते. जायरोनं खेळताना हात नकळत एका बाजूला कलत जातो. वाय दाबायची सवय नसेल तर थोड्या वेळानं तुम्ही मान वाकडी करून खेळत बसता.

दुसरी पायरी: शाई म्हणजे पायाखालची जमीन

इतर नेमबाजीच्या खेळांतून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ते शाईला गोळी समजतात, समोर शत्रू दिसला की झाडतात, आणि टाकी रिकामी झाल्यावर शत्रूच्या रंगात पाय रुतवून उभे राहतात.

शाई तीन कामं करते. तिच्यानं शत्रू मरतो हे पहिलं काम, आणि तिन्हींत कमी महत्त्वाचं. दुसरं काम रस्त्याचं. स्वतःच्या रंगात पोहताना तुम्ही पळण्यापेक्षा वेगानं जाता, रंगवलेल्या भिंतीवर चढता, जाळीतून आरपार खाली घसरता. शत्रूच्या रंगात मात्र पाय अडखळतात आणि अंगाला इजाही होते. तिसरं काम लपण्याचं. आपल्या शाईत स्थिर बुडून राहिलात तर शत्रूला दिसत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक क्रम हाताला लावा. आधी पायाखालचं रंगवा, मग समोरचा पट्टा, मग शत्रू. मागे वळून पळायची वाट आपल्या रंगाची आहे ना, हे दर थोड्या वेळानं बघा. ती नसेल तर पुढे पाऊल टाकू नका.

टाकी तुमच्या पाठीवरच दिसते. उभं राहून ती पूर्ण भरायला साधारण १० सेकंद लागतात, शाईत बुडून फक्त ३. हा फरक मनावर कोरून ठेवा. टाकी रिकामी झाल्यावर बुडी मारायला जागा शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. निम्मी उरली की एक बुडी मारायची, दोन शत्रूंच्या मधे एक, कोपऱ्यावर वळण्याआधी एक. बाँब टाकीचा मोठा हिस्सा एका फटक्यात खातो, हेही लक्षात असू द्या. लागोपाठ दोन बाँब टाकले की हातातली बंदूक फुसकी निघते.

तिसरी पायरी: मेट्रो आणि पॉइंट

मेट्रोचा कंडक्टर सी. क्यू. कंबर हा एक छोटासा सी-ककंबर, म्हणजे काकडीच्या आकाराचा समुद्रजीव आहे. नियम सांगण्यात अगदी काटेकोर. नकाशावर वेगवेगळ्या रंगांच्या मार्गिका दिसतात आणि एक स्टेशन पार केलं की शेजारची उघडत जातात. प्रत्येक परीक्षेला बसायची फी असते, ती सीक्यू पॉइंटमध्ये. पार केलीत तर फीपेक्षा जास्त पॉइंट परत मिळतात. प्रत्येक स्टेशनवर मोजकेच जीव मिळतात. ते संपले की पुन्हा फी भरून बसायचं.

नवख्याला हे पॉइंट संपण्याची भीती वाटते आणि तो एकेक पॉइंट जपत बसतो. त्याची गरज नाही. सोपी स्टेशनं पार करत गेलात की शिल्लक आपोआप वाढते. पॉइंट साठवून इथे दुसरं काही मोठं मिळणार नसतं, ते चुका करण्यासाठीच दिलेले आहेत. पैसे वाया जातील म्हणून एखादं स्टेशन टाळणं, ही एकच खरी उधळपट्टी.

गोष्ट पुढे नेण्यासाठी ८० पैकी ८० स्टेशनं लागत नाहीत. एक जुनापुराणा टेलिफोन तुम्हाला सांगतो की चार 'थँग' गोळा करा म्हणजे वरच्या जगात जाता येईल. त्या चार वस्तू नकाशाच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. त्यांच्याकडे जाणारी वाट एकच नसते. एका मार्गिकेवर अडलात तर दुसरीवर जा. मी स्वतः पहिल्या खेपेला एका स्टेशनवर अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि शेजारचं स्टेशन पहिल्याच प्रयत्नात सुटलं. त्या शेजारच्या स्टेशननं जे शिकवलं, त्याच्याच जोरावर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचंही सुटलं.

चौथी पायरी: प्रश्न वाचा

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिणार आहे, तुम्हीही तो सावकाश वाचा.

प्रत्येक स्टेशनवर परीक्षा सुरू होण्याआधी काय करायचं ते एका ओळीत लिहून येतं. ध्येय गाठा, सगळी लक्ष्यं फोडा, गोळ्याचं रक्षण करा, असं. शिवाय कोणत्या अटीवर नापास होणार तेही कळतं: वेळ संपली तर, शाई संपली तर, शत्रूचा एकही फटका बसला तर, गोळा कठड्यावरून पडला तर. नवखा या दोन ओळी न वाचता आत शिरतो. खरं तर या अटीतच उत्तर दडलेलं असतं.

शाईवर मर्यादा असलेली परीक्षा घ्या. टाकी भरत नाही, जे आहे तेवढंच. अशा ठिकाणी प्रत्येक शत्रू मारायची सवय जीवघेणी ठरते. इथला प्रश्न 'किती मारता' असा नसतोच. 'कोणाला न मारता पुढे जाता येईल' असा असतो. आत शिरल्यावर पहिला जीव सरळ टेहळणीला द्या. कुठे उडीनं भागतं, कुठे एका थेंबात काम होतं, ते बघून घ्या. दुसऱ्या जीवाला मोजून शाई खर्च करा.

एकही फटका न खाण्याची अट असेल तर उलटं. तिथे घाई हाच शत्रू. घड्याळ चालू नसेल तर शाईत बुडून थांबा, समोरच्याची फेरी दोनदा बघा, त्याची पाठ वळली की पुढे सरका.

वेळेची अट असेल तर शत्रू मारणं बहुतेक वेळा चैन असते. समोर एक अरुंद पट्टा मारायचा आणि त्यातून पोहत सुटायचं. पट्टा रुंद करायच्या मोहात पडलात की सेकंद हातातून निसटले.

आता ८ आकडा लिहिलेला तो मोठा गोळा. काही स्टेशनांवर तो शाई मारत ढकलत शेवटपर्यंत न्यायचा असतो. सगळे जण त्याच्या मागे उभे राहून जोरात झाडतात आणि गोळा कठड्यावरून जातो. त्याला लांबून, थोडं थोडं ढकला. वळण आलं की स्वतः आधी बाहेरच्या कडेला जाऊन उभं राहा आणि तिथून आत ढकला, म्हणजे चूक झाली तरी गोळा भिंतीकडे जाईल, दरीकडे नाही. उतारावर तर त्याच्या पुढे असणंच शहाणपणाचं, कारण एकदा वेग घेतल्यावर मागून त्याला कोणी थोपवू शकत नाही.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा मारामारीची नाहीच. समोर खोक्यांची रचना असते आणि शेजारी नमुना. नको ती खोकी फोडून आपली रचना नमुन्यासारखी करायची. इथे बंदूक म्हणजे छिन्नी. चुकीची खोकी फोडून चालत नाही, म्हणून आधी नमुन्याभोवती पूर्ण एक फेरी मारा, चारी बाजूंनी बघा, आणि वरच्या थरापासून खाली या.

आणखी एक प्रकार म्हणजे वस्तूचं रक्षण. 'गर्ल पॉवर स्टेशन' हे नाव ऐकून अनेक जुने खेळाडूही अजून सुस्कारा सोडतात. मधे गोळा आहे आणि चहूबाजूंनी ऑक्टोलिंग येत राहतात. तिथे मधोमध उभं राहून फिरत राहिलात तर पाठ सदैव उघडी. सुरुवातीच्या शांत क्षणांत भोवतालची सगळी जमीन आपल्या रंगानं भरून टाका, कारण पुढे कुठे वेगानं पोहत जाता येईल आणि कुठे नाही, ते याच रंगावर ठरणार आहे. मग लाटा कोणत्या क्रमानं, कोणत्या बाजूनं येतात ते तोंडपाठ करा. त्या दर वेळी त्याच क्रमानं येतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला तुम्ही शत्रू येण्याआधीच त्याच्या उतरायच्या जागेवर बाँब ठेवलेला असेल, आणि तो क्षण फार समाधानाचा असतो.

पाचवी पायरी: हत्यार निवडताना

अनेक स्टेशनांवर दोन-तीन हत्यारांतून एक निवडायचं असतं आणि प्रत्येकासमोर बक्षिसाचे पॉइंट वेगळे असतात. जास्त पॉइंट दिसले की ते हत्यार त्या परीक्षेसाठी अवघड आहे असं समजा. पहिल्या खेपेला सोपं घ्या.

साधा शूटर कुठेही चालतो, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार्जरला दम धरावा लागतो: बटण पूर्ण दाबून ठेवायचं आणि रेष शत्रूवर आली की सोडायचं. त्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. पूर्ण ताणलेल्या चार्जरचा एक फटका समोर लांबच लांब सरळ रस्ता आखून देतो, तेव्हा शत्रू नसतानाही त्याचा उपयोग करा. रोलर जमिनीवर लोळवत नेला की वाट रंगते, पण लांबच्या शत्रूपर्यंत तो पोचत नाही. उडी मारून झटका दिला तर शाई उभ्या पट्ट्यात लांबवर जाते, ही युक्ती लवकर शिकून घ्या. स्लॉशर म्हणजे बादली. उंचवट्यामागे लपलेल्यावर तिची शाई वरून पडते. ब्लास्टरची गोळी ठरावीक अंतरावर फुटते, म्हणून शत्रूला चिकटून उभं राहू नका. ब्रेला म्हणजे छत्री. बटण धरून ठेवलं की उघडून ढाल होते, आणखी धरलं की ती पुढे सुटून जाते आणि तुम्ही क्षणभर उघडे पडता. ड्युअलीज या दोन पिस्तुलांबरोबर झाडता झाडता दिशा देऊन बी दाबलं की कोलांटी मारून चुकवता येतं, आणि कोलांटीनंतर थांबून मारलेल्या गोळ्या जास्त नेमक्या जातात. स्प्लॅटलिंग आधी फिरवून भरायची, मग धारेनं सोडायची. भरत असताना चाल मंदावते, म्हणून आडोशामागे भरून घ्या आणि मग बाहेर या.

बाँबांपैकी कर्लिंग बाँबवर माझा विशेष जीव आहे. तो जमिनीवरून घसरत जाताना मागे शाईचा पट्टा सोडतो. तो फेकायचा आणि लगेच त्याच्या मागोमाग पोहत सुटायचं. वेळेच्या परीक्षांत याच्याइतकं कामाचं काही नाही.

सहावी पायरी: समोर कोण आहे

इथल्या ऑक्टेरियनांच्या अंगावर निळसर-हिरवी छटा असते. त्यांचं मन पुसून टाकलं गेलं आहे. ही गोष्टीतली फार उदास बाब आहे आणि ती पुढे उलगडत जाते.

साधा ऑक्टोट्रूपर सावकाश गोळी सोडतो, ती बघून बाजूला होता येतं. ढालवाल्याला समोरून मारून काही उपयोग नाही. त्याच्या बाजूनं पट्टा मारा, पोहत मागे जा आणि पाठीवर मारा, किंवा पायाशी बाँब टाका. ऑक्टोस्टँप अंगावर धावून येतो. तो झेपावला की बाजूला व्हा. तो तोंडावर आपटतो आणि उठेपर्यंत पाठ मोकळी असते. ऑक्टोस्नायपरची नेमरेषा दिसते. ती अंगावर आली की आडोसा गाठा, तिची गोळी सुटली की पुढच्या आडोशापर्यंत पळा. दोन गोळ्यांच्या मधली वेळ हाच तुमचा रस्ता.

ऑक्टोलिंग वेगळे. ते तुमच्यासारखेच शाईत बुडतात, बाँब टाकतात, माघार घेतात. दिसेनासा झाला की त्याच्या आसपासची जमीन रंगवायला घ्या. त्याला लपायला रंगच उरला नाही की तो वर येतो. आणि त्याच्याशी समोरासमोर उभं राहून झाडाझाडी करू नका. एक-दोन गोळ्या, बुडी, बाजू बदल, पुन्हा गोळ्या.

काही स्टेशनांवर शत्रू कमी आणि यंत्रं जास्त असतात. स्पंज तुमच्या शाईनं फुगतो आणि शत्रूच्या शाईनं आक्रसतो, म्हणून त्यावर चढल्यावर शत्रूला आधी गप्प करा. पंखा लावलेल्या फळ्या शाई मारली की सरकतात. जमिनीतल्या तोटीवर मारलं की शाईचा खांब उसळतो आणि त्यावरून वर जाता येतं. इंकरेल म्हणजे शाईचा रूळ. त्याच्या सुरुवातीच्या गोट्यावर शाई मारली की तो आपल्या रंगाचा होतो. रुळावरून घसरत जाताना उभं राहून नेम धरता येतो, आणि बी दाबून शेजारच्या रुळावर उडी मारता येते. उडी घेण्याआधी शेजारच्या रुळावर आपला रंग आहे ना, ते बघा. नसेल तर थेट खाली.

सातवी पायरी: अडलात तर

प्रत्येकाचं एक तरी स्टेशन असतं जिथे तो आठवडाभर अडतो. तीन-चार प्रयत्नांनंतर चूक नेहमी त्याच जागी होते आहे असं दिसलं, तर तेवढ्याच जागेचा विचार करा. हत्यार बदलून बघा. ते बदललं की अनेकदा त्या स्टेशनचा प्रश्नच बदलतो. वेगळ्या मार्गिकेवर जाऊन या.

तरीही सुटलं नाही तर मरीना आहे. एखादं स्टेशन वारंवार हुकलं की ती ते हॅक करून पार करून द्यायची तयारी दाखवते. ही मदत घेण्यात काही कमीपणा नाही. खेळ बनवणाऱ्यांनी ती गोष्टीतच विणून दिली आहे: वर बसलेली एक ऑक्टोलिंग खाली अडकलेल्या दुसरीला हात देते. पुढे हात तयार झाला की त्या स्टेशनवर परत जाऊन तुम्ही ते स्वतः सोडवू शकता.

चौथा थँग हाती आल्यानंतर

पुढच्या दोन परिच्छेदांत शेवटच्या भागाची थोडी कल्पना येईल. अजिबात काही कळू नये असं वाटत असेल तर सरळ 'मेम केक' या शब्दांपाशी जा.

चौथी वस्तू मिळाली की मेट्रोचा सरळसोट क्रम मोडतो आणि एक लांबलचक सुटकेचा प्रवास सुरू होतो. चांगला एक-दोन तासांचा निवांत वेळ असेल तेव्हाच त्यात शिरा. सुरुवातीला हातात हत्यार नसतं. घाबरू नका. आतापर्यंत शिकलेलं लपणं, थांबणं, फेरी मोजणं इथे कामी येतं. हत्यार मिळाल्यावर पहिला मोह सूड घेण्याचा होतो, पण अजूनही प्रत्येक खोलीत आधी बाहेर जाणारी वाट शोधा, मग शत्रू.

शेवटाकडे एक लढत अशी येते की समोरचा तुमच्याइतकाच चपळ असतो आणि त्याच्याकडे स्पेशलचाही साठा असतो. तो स्पेशल वापरायला लागला की लढू नका, लांब पळा आणि उसंत मिळाली की टाकी भरा. स्पेशल संपल्यावरचे काही क्षण तुमचे असतात. त्या क्षणांत मारा आणि पुन्हा लांब व्हा.

मेम केक

प्रत्येक पार केलेल्या स्टेशनवर एक मेम केक मिळतो: खोडरबरासारखी दिसणारी छोटीशी वस्तू, आणि तिच्यासोबत दोन-चार ओळींची कविता. या एजंट ८ च्या हरवलेल्या आठवणी आहेत. नवखे त्या बघायलाच विसरतात, कारण त्या वेगळ्या पानावर जाऊन उघडाव्या लागतात. एखादं अवघड स्टेशन सुटल्यावर लगेच पुढच्याला न धावता तिथे जा आणि त्या ओळी वाचा. एकाच मालिकेचे सगळे केक जमले की वरच्या जगात वापरता येतील असे कपडे बक्षीस मिळतात, पण मला विचाराल तर खरं बक्षीस त्या ओळीच.

गोष्ट संपली की मूळ खेळाच्या चौकात आणि ऑनलाइन सामन्यांत ऑक्टोलिंग होऊन खेळता येतं. ऑनलाइन सामन्यांसाठी मात्र सदस्यत्व लागतं. उरलेली स्टेशनं तशीच वाट बघत असतात. ८० च्या ८० पार करणाऱ्यासाठी एक गुप्त लढत राखून ठेवली आहे. माझ्या मते संपूर्ण खेळातली ती सगळ्यात कठीण. तिच्यासाठी ड्युअलीजची कोलांटी डोळे मिटून येईल इतकी घोटून घ्या. आणि एजंट ८ चा पुढचा प्रवास बघायचा असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये 'स्प्लॅटून ३'चा 'साइड ऑर्डर' हा विस्तार आला आहे. तिथेही हाच एजंट, हीच मरीना आणि हीच पर्ल आहे. फक्त तिथे जमिनीखालची मेट्रो नाही, ३० मजल्यांचा एक पांढराफटक मनोरा चढायचा आहे, आणि दर वेळी त्याचे मजले बदललेले असतात.